कात्राबाईच्या खिंडीतली दुपार : एका युवा-प्रवासाचा प्रकरण अभ्यास

शाळकरी मुलांना डोंगरात नेणाऱ्या शिबिरांना दोन गोष्टी साधायच्या असतात. मुलांचा कस लागावा आणि त्यांना निसर्ग कळावा. बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी वेळापत्रकाच्या दोन वेगळ्या रकान्यांत बसवल्या जातात. सकाळी दोरावरून उतरायचं, दुपारी झाडांची ओळख करून घ्यायची, रात्री गप्पा. मुलं दोन्हींत रमतात. पण कड्यावर लागलेला कस आणि झाडाखाली ऐकलेली माहिती यांची गाठ कुठेच पडत नाही, आणि घरी परतल्यावर माहितीच आधी विसरली जाते.

रतनगड ते हरिश्चंद्रगड या वाटेवर नववीतल्या सोळा मुलामुलींबरोबर केलेल्या प्रवासात ती गाठ एका दुपारी पडली. त्या वेळी आमच्यापुढे कोणते पर्याय होते, मुलांनी काय ठरवलं, मोठ्यांनी कुठे मध्ये पडायचं आणि कुठे नाही, आणि त्यातलं पुढे काय टिकलं, हे इथे सविस्तर मांडते आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना आणि त्यांना पाठवणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडावं ही इच्छा आहे. मुलांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

वाट आणि मंडळी

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून सुरुवात. पहिल्या दिवशी जंगलातून चढून लोखंडी शिड्यांनी रतनगडावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिड्या उतरून, कात्राबाईच्या खिंडीतून पलीकडे कुमशेतला. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, आणि चौथ्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पायाखालची ही वाट आहे. तिचा कस कड्याकपारींत कमी आणि लांबीत, ओझ्यात जास्त लागतो.

ही वाट निवडली ती पाण्यासाठी. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच तालुक्यात पूर्वेला अकोले गावाकडे सरकत गेलं की तो झपाट्याने कमी होत जातो. प्रवरा इथे रतनगडाच्या कुशीत उगम पावते. 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण तिचं पाणी अडवतं आणि ते पार खालच्या उसाच्या शिवारापर्यंत पोहोचतं. लोणीला 1950 मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना याच प्रवरेच्या खोऱ्यातला. आणि वर, जिथे हा सगळा पाऊस पडतो, तिथल्या कित्येक वाड्यांमधल्या बायका उन्हाळा लागला की डोक्यावर हंडा घेऊन लांबचं पाणी आणतात. पाठ्यपुस्तकात ‘पाणलोट क्षेत्र’ आणि ‘लाभक्षेत्र’ असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. या वाटेवर ते दोन्ही एकाच नजरेत दिसतात.

सोळांपैकी आठ मुलं पुण्याच्या एका शाळेतली, आठ अकोले तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतली. ‘जलसुरक्षा’ हा विषय दोन्ही गटांच्या अभ्यासात होता. बरोबर आम्ही तिघं मोठी माणसं: मी, आश्रमशाळेत विज्ञान शिकवणारे सर, आणि रतनवाडीकडचे एक अनुभवी वाटाडे, ज्यांना पहिल्या तासाभरातच सगळे ‘मामा’ म्हणू लागले.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. पुण्याची मुलं शिकायला आली होती आणि आश्रमशाळेची मुलं दाखवायला. तसं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, ते आपोआप घडत होतं. महादेव कोळी आणि ठाकर घरांतली ही मुलं चढावर स्वतःची पिशवी सांभाळून पाहुण्यांच्याही पिशव्या उचलायला लागली. पाहुणेही ‘थँक यू’ म्हणून त्या देऊ लागले. हे तिथेच थांबवणं भाग होतं. हा प्रवास दोघांचा होता, म्हणून ओझं ज्याचं त्यानेच वाहायचं. मग दोन्ही शाळांतल्या एकेकाची जोडी लावली. जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या पाण्यावर आणि तब्येतीवर लक्ष ठेवायचं, आणि नोंदवही आळीपाळीने लिहायची.

त्याच संध्याकाळी मुलांना आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली. प्रत्येकाजवळ एकेक लिटरच्या दोन बाटल्या असतील, आणि याशिवाय आम्हा तिघांच्या पिशव्यांत मिळून आठ लिटर सीलबंद पाणी राखीव आहे. ते कुणाच्या पिशवीत किती आहे आणि कोणत्या परिस्थितीत उघडलं जाईल, हेही सांगितलं. पुढच्या सगळ्या प्रसंगात या सांगण्याला फार महत्त्व आलं.

शिड्यांवर दोघीतिघांचे पाय लटपटले. दोराचा आधार लावला, वेळ दिला, सगळे वर पोहोचले. गडावरच्या टाक्यातून पाणी शेंदलं, फडक्यातून गाळलं, क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना नेढ्यात, म्हणजे गडमाथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, बसून मुलांनी एका बाजूला कोकणात कोसळणारे कडे आणि दुसऱ्या बाजूला भंडारदऱ्याचा जलाशय पाहिला. इथपर्यंत सगळं आखल्याप्रमाणे झालं.

ओढा

आमच्या आखणीत दुसऱ्या दिवसाचं पाणी एका ओढ्यावर अवलंबून होतं. खिंडीच्या अलीकडे दाट झाडीत एका कातळाखालून पाझर येतो. जानेवारीत वाट पाहायला गेलो तेव्हा त्यावर लिटरची बाटली मिनिटभरात भरली होती. फेब्रुवारीअखेरीस धार बारीक होईल पण आटणार नाही, असा मामांचा अंदाज होता. म्हणून गडावरून दोन बाटल्या भरून निघायचं, ओढ्यावर त्या पुन्हा भरायच्या आणि खिंड ओलांडायची असं ठरलं.

सकाळी निघायला उशीर झाला. एकाच्या पिशवीचा पट्टा तुटला, आणि आधीच्या एका गटाची उतरण्याची घाई असल्याने शिड्यांपाशी बराच वेळ गेला. ओढ्यापाशी पोहोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. कातळ ओला होता, शेवाळ हिरवं होतं, पण धार नव्हती. एका ठिकाणी ठिबकत होतं, तेवढंच. मामा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. “औंदा पाऊस लवकर उघडला,” ते म्हणाले. “गेल्या साली होळीपातुर धार व्हती हितं.”

मुलांना बाटल्या काढायला सांगितल्या आणि जोडीजोडीने पाणी मोजलं. आम्हा मोठ्यांच्या बाटल्या धरून सगळ्यांचं मिळून साडेनऊ लिटर भरलं. माणसं एकोणीस. म्हणजे माणशी अर्धा लिटर. कुमशेत आमच्या चालीने अडीच ते तीन तासांवर, आणि खिंडीपलीकडचा उतार उघडा, दुपारच्या उन्हाचा. राखीव आठ लिटर वेगळं.

निर्णय मुलांनी घ्यायचा, पण त्याला कुंपण आम्ही घालायचं, असं आम्हा तिघांचं आधीच ठरलेलं होतं. हे कुंपण मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. कुणीही एकट्याने गटापासून दूर जाणार नाही. अंधाराआधी कुमशेतला पोहोचायचं आहे, म्हणून साडेतीनच्या पुढे इथून निघणार नाही. कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, चक्कर येत असेल, तर ते लपवायचं नाही. या तीन गोष्टींच्या आत राहून काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं सांगून आम्ही पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसलो. आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

मुलांचा निर्णय

पुण्याचा एक उंच, काटक मुलगा सगळ्यात आधी बोलला. आदल्या दिवशी चढावर तोच पुढे होता. “तीन तासांचं काय एवढं? चला, निघू. खाली पोहोचलं की पाणीच पाणी.” बऱ्याच जणांना ते पटलं. एका मुलीने विचारलं, खाली पाणी आहेच हे कशावरून? यावर थोडा वेळ वाद झाला. कुणीतरी मागे फिरून रतनवाडीला उतरायचं सुचवलं. ते अंतर आणि पुढचा प्रवास सोडण्याची किंमत यांचा त्यांनी नीट विचार केला. राखीव पाणी आत्ताच उघडावं का, हाही प्रश्न निघाला आणि त्यांचा त्यांनीच निकालात काढला: ते कुणाला बरं वाटेनासं झालं तर लागेल.

आश्रमशाळेतली एक मुलगी या सगळ्या चर्चेत एक शब्दही बोलली नव्हती. ती उठली, ओढ्याच्या कोरड्या पात्रात थोडं खाली जाऊन वळणापाशी उभी राहिली, आणि परत येऊन तिने तिच्या जोडीदारणीला घेतलं. मग माझ्याकडे आली. “ताई, खाली उंबर हाय. हिरवागार. त्याच्या पायथ्याला उकरून बघू का?” वळणापर्यंत दिसत होतं, हाकेच्या अंतरावर होतं. मामा तिच्याबरोबर गेले.

उंबराखाली पाणी शोधण्याची ही रीत फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा एक अख्खा अध्याय कोणत्या झाडाच्या आसपास किती खोल पाणी लागेल याबद्दल आहे. त्या मुलीला ती आईकडून मिळाली होती. उन्हाळ्यात तिच्या वाडीवर ओढ्याच्या पात्रात झिरा खणतात आणि त्यातून वाटीवाटीने पाणी भरतात, ते काम तिने लहानपणापासून केलेलं होतं.

दोघींनी दगड बाजूला करून वाळू उकरायला सुरुवात केली. कोपरभर खोल गेल्यावर वाळू काळी, ओली लागली. आणखी खाली तळाशी गढूळ पाणी साचायला लागलं. पहिल्यांदा भरलेलं उपसून टाकलं, दुसऱ्यांदाही टाकलं. तिसऱ्या वेळी वाटीत आलेलं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. खाली आलेली पुण्याची तीन-चार मुलं काठावर गुडघे टेकून बघत होती आणि एकही जण बोलत नव्हता.

इकडे वरच्या कातळापाशी दुसऱ्या गटाने ठिबकणाऱ्या जागी चांदाड्याचं रुंद पान दुमडून पन्हळ लावली. आता ठिबकणारं पाणी थेट बाटलीच्या तोंडात पडायला लागलं. एकाने घड्याळ लावलं. लिटरची बाटली भरायला चार मिनिटं लागली. मग हिशेब आपोआप सुरू झाला: तासाला पंधरा लिटर. साडेतीनपर्यंत दोन तासांच्या आसपास वेळ होता. पाझर आणि झिरा मिळून माणशी लिटरभराच्या वर पाणी जमेल, आणि तोवर ऊनही कलायला लागेल. थांबायचं ठरलं. मतदान झालं नाही, हिशेबानेच निर्णय झाला. उंच मुलालाही तो मान्य होता, निदान त्याने तसं म्हटलं.

कातळ वाचणं

थांबल्यामुळे हाताशी वेळ आला, आणि इथून प्रश्न यायला लागले. पाणी याच जागी का ठिबकतं? वर नाही, खाली नाही, नेमकं इथेच का? हा प्रश्न मुलांनी विचारला, आम्ही नाही. सर उठले आणि त्यांनी कातळावर हात ठेवून दाखवायला सुरुवात केली.

सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. एक थर वाहत आला, थिजला. काही काळाने त्यावर दुसरा. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा वरचा भाग झिजून त्याची लाल माती झाली आणि मग ती पुढच्या लाव्ह्याखाली दबून भाजली गेली. तो लाल पट्टा आमच्या समोर होता, हातभर जाडीचा. त्याच्या वरचा काळा पाषाण उभ्या भेगांनी चिरलेला होता. पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली मुरत जातं आणि लाल थराला अडतं, कारण त्यातून ते सहजी उतरू शकत नाही. मग ते थराच्या माथ्यावरून आडवं सरकतं आणि डोंगराच्या उतारावर जिथे थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. पाझर बरोबर लाल पट्ट्याच्या वरच्या कडेला होता. मुलांनी बोट लावून पाहिलं.

मग दुसरा प्रश्न: जानेवारीत धार होती, आता का नाही? कठीण पाषाणात पाणी फक्त भेगांत मावतं, त्यामुळे साठा लहान असतो आणि लवकर रिकामा होतो. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या पोकळ्या-पोकळ्यांच्या खडकात पाणी जास्त धरून राहतं. वर झाडी असेल तर पाऊस पानांवर, पाचोळ्यावर थांबून मुरतो. बोडक्या उतारावरून तो धावत जातो. म्हणजे या पाझराचं आयुष्य आपल्याला दिसत नसलेल्या, वरच्या जमिनीवर ठरतं. पुण्यातली ॲक्वाडॅम ही संस्था सह्याद्रीत आणि हिमालयात झऱ्यांचा अभ्यास करते तेव्हा हेच पाहते: झरा जपायचा तर त्याला पाणी पुरवणारा उतार कोणता, हे आधी शोधावं लागतं.

चार मिनिटांच्या बाटलीचा हिशेब एका मुलीने आणखी पुढे नेला. तासाला पंधरा म्हणजे दिवसरात्र मिळून 360 लिटर. जल जीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं मानक माणशी दिवसाला 55 लिटर आहे, हे तिला जलसुरक्षेच्या तासामुळे माहीत होतं. तिने भागाकार केला. साडेसहा माणसं. एवढा वेळ सगळे ज्याकडे डोळे लावून बसले होते तो पाझर पूर्ण क्षमतेने, रात्रभर कुणीतरी जागून, एक थेंब वाया न घालवता भरला तरी एका मोठ्या कुटुंबालाच पुरला असता. तिने वहीत 6.5 लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

हे सगळं वर्गात फळ्यावर शिकवता येतं, शिकवलंही जातं. त्या मुलांना थराचं नाव परीक्षेसाठी आधीपासून माहीतही होतं. पण बाटलीचं तोंड आणि तो लाल पट्टा यांच्यात चार बोटांचं अंतर असताना, घशाला कोरड पडलेली असताना, तेच नाव त्यांनी वेगळ्या कानांनी ऐकलं. शिकण्याची गरज आम्ही निर्माण केली नव्हती, ती डोंगरानेच निर्माण केली होती.

एक जण गप्प झाला

अडीचच्या सुमाराला उंच मुलाची जोडीदारीण सरांकडे आली. आश्रमशाळेतली, अगदी कमी बोलणारी मुलगी. “सर, हा बोलंना झालाय.” मुलगा झाडाला टेकून बसला होता. चेहरा लाल, प्रश्नाला एका शब्दात उत्तर. डोकं दुखतं का? नाही. मळमळतं का? नाही. ठीक आहे ताई, काही नाही. त्याची बाटली उघडली तर ती पूर्ण रिकामी. शिड्या उतरताना घाबरलेल्या एका मित्राला त्याने आपलं पाणी देऊन टाकलं होतं आणि मोजणीच्या वेळी जोडीचं पाणी एकत्र दाखवून ते झाकलं होतं. सकाळपासून तो जवळजवळ तहानलेलाच चालत होता. डोकं दुखायला लागूनही तास उलटला होता.

राखीव पाण्याची पहिली बाटली उघडली, क्षारसंजीवनी मिसळली, घोट-घोट दिली. सावलीत पाय वर करून झोपवलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं. इथे मुलांचं मत विचारलं नाही, विचारायचा प्रश्नच नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांत तो बोलायला लागला आणि मग रडला. आपल्यामुळे राखीव पाणी उघडावं लागलं याचं त्याला वाईट वाटत होतं. तो सुधारला नसता तर पुढे जायचं सोडून रतनवाडीला उतरायचं आणि राजूरच्या दवाखान्यात न्यायचं, हे आमचं तिघांचं ठरलेलं होतं. तशी वेळ आली नाही.

साहसाच्या कार्यक्रमांत ‘सोसणं’ हा गुण म्हणून शिकवला जातो, आणि इथे माझं मत ठाम आहे: मुलाला सोसायला शिकवण्याआधी सांगायला शिकवलं पाहिजे. या मुलासाठी शिड्या हे आव्हान नव्हतं, चढ नव्हता, ओझंही नव्हतं. जे येतं तेच पुन्हा करून दाखवण्यात त्याचा कस लागतच नव्हता. ‘मला बरं वाटत नाही’ हे चार शब्द बरोबरीच्या मुलांसमोर उच्चारणं त्याला अवघड होतं. त्याची पिशवी रिकामी करून सामान सगळ्यांनी वाटून घेतलं, तेव्हा ते बघत उभं राहणं त्याला सगळ्यात जड गेलं असावं. संध्याकाळी गोल करून बसल्यावर त्याने स्वतःहून विषय काढला आणि जोडीदारणीचे आभार मानले. ती खाली मान घालून म्हणाली, “तू सकाळपासनं पानी पीत नव्हता, ते मी बघत व्हते.” जोड्या लावण्याचा सगळा अर्थ या एका वाक्यात होता.

निघताना उंबराखालचा झिरा पुन्हा तळापर्यंत उपसावा म्हणून दोघे सरसावले. उकरणाऱ्या मुलीने त्यांना अडवलं. “समदं नाय उपसायचं. रातीला जनावरं येत्यात.” तिने कडेचे दगड नीट लावले, जनावराला तोंड घालता येईल एवढी बाजू मोकळी ठेवली. अभयारण्यात वागायचे नियम आम्ही पहिल्या दिवशी वाचून दाखवले होते: कचरा परत न्यायचा, शेकोटी नाही, आरडाओरडा नाही. यात हा नियम नव्हता.

खिंडीपलीकडे

सव्वातीनला निघालो. खिंडीत कात्राबाईचं शेंदूर लावलेलं ठाणं आहे. मुलं तिथे हात जोडून थोडी टेकली. या धारेच्या एका अंगाचं पाणी प्रवरेला जातं, दुसऱ्या अंगाचं मुळेला. भंडारदऱ्याचं धरण मागे राहिलं. पुढचं पाणी राहुरीजवळच्या मुळा धरणाकडे जाणारं. दोन्ही नद्या नेवाशाच्या परिसरात पुन्हा भेटतात आणि गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातात. सह्याद्रीची मुख्य धार ओलांडून पलीकडे पडलेला पाऊस मात्र कोकणात उतरून उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळतो. नकाशावर बोट फिरवत एका मुलाने विचारलं, मग आपला पाझर कुणाचा? प्रवरेचा, असं सरांनी सांगितल्यावर तो जरा थांबून म्हणाला, म्हणजे उसाचा.

अंधार पडायच्या आत कुमशेतला पोहोचलो.

तिथल्या वाडीवर संध्याकाळी मुलांनी घरोघरी जाऊन पाण्याबद्दल विचारायचं, हे आखणीतच होतं. आखणी करताना आम्ही दहा प्रश्नांचा कागदही केला होता. तो बाहेर काढावा लागला नाही. मुलांनी दुपारचा पाझर, चार मिनिटं, साडेसहा माणसं हे सगळं एका आजींना सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला दिवसाला किती लिटर लागतं? “लिटर कुठं मोजू बाय? हंडं मोजते.” मग हंड्यात किती लिटर मावतं, खेपा किती, एका खेपेला वेळ किती, कुणाकुणाचे हात लागतात, असं करत मुलांनी वहीत तक्ता बनवला. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला. आपल्या रोजच्या कामाची कुणी बेरीज करतंय याचं त्यांना नवल वाटलं.

रात्री एक पुण्याची मुलगी मनापासून म्हणाली, आज मला तहान म्हणजे काय ते कळलं. आश्रमशाळेतल्या एका मुलाने शांतपणे उत्तर दिलं, “तुला आज कळली. माझ्या आईला रोज कळते.” त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणी काही बोललं नाही, आम्हीही त्यावर चर्चा घडवून आणली नाही. असं वाक्य मुलांमध्ये पडल्यावर मोठ्यांनी त्याचं सार सांगत बसू नये असं मला वाटतं.

या प्रसंगातून काय हाती लागतं

राखीव पाण्याबद्दल आधी लिहिते, कारण त्यावर आमच्या क्षेत्रात मतभेद आहेत. काही अनुभवी लोक म्हणतात की मुलांना राखीव साठ्याबद्दल सांगूच नये. माहीत असलं तर टंचाई खरी वाटत नाही. मला हे मान्य नाही. मुलांना खोट्या भीतीत ठेवून जे शिकवलं जातं त्यात ती आधी हे शिकतात की मोठी माणसं महत्त्वाच्या गोष्टी लपवतात. आणि आमच्या अनुभवात टंचाई खरी वाटायला काहीच कमी पडलं नाही. उलट साठा माहीत असल्यामुळे ती घाबरली नाहीत, म्हणून विचार करू शकली; आणि तो कशासाठी आहे हे माहीत असल्यामुळे त्यांनी तो स्वतःहून बाजूला ठेवला. आव्हान खरं असावं, पण धोका मोठ्यांनी आधीच ओळखून आवाक्यात ठेवलेला असावा. या दोहोंतला फरक मुलांनाही ठाऊक असावा.

प्रवास हेच शिक्षण, हा विचार काही नवा नाही. शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांच्या प्रेरणेने 1941 साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ या साहसातून शिकवणाऱ्या संस्थेची पहिली शाळा सुरू झाली, तेव्हापासून तो जगभर रुजला. त्याचा परिणाम टिकतो का, याचाही अभ्यास झालेला आहे. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये असे 96 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांच्या आत्मविश्वासावर आणि स्वतःवरच्या ताब्यावर झालेला परिणाम कार्यक्रमानंतरही टिकलेला, काही बाबतींत वाढलेला दिसला. लांब मुदतीचे कार्यक्रम जास्त परिणामकारक ठरले. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या सहलीला ‘साहस शिबिर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती मोडायला हवी. दोन दिवसांत मुलं एकमेकांना ओळखेपर्यंत बस परत निघते.

सुरक्षिततेचं म्हणाल तर 2021 मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, ही चांगली गोष्ट झाली. पण कागदावरची यादी पुरी केली म्हणजे काम संपत नाही. त्या दुपारी उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी: वाट महिनाभर आधी पाहून ठेवलेली होती, परतीची वाट ठरलेली होती, पाणी प्रत्यक्ष मोजलं गेलं, आणि प्रत्येक मुलावर दुसऱ्या एका मुलाची नजर होती. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसे लागत नाहीत आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते.

पर्यावरण शिक्षण शाळांत सक्तीचं करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली दिला. तेव्हापासून पुस्तकं आली, प्रकल्प आले, प्रकल्पांच्या तयार वह्याही दुकानात आल्या. ज्या मुलीने झिरा शोधला तिला त्या विषयात जेमतेम गुण होते. तिच्याकडे असलेलं ज्ञान मोजायला त्या गुणपत्रिकेत रकानाच नाही. अकोले तालुक्याला हे नवं नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी जपलेल्या गावरान बियाण्यांसाठी त्यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रश्न इतकाच आहे की असं ज्ञान वर्गात यायला माणसाला आधी पद्मश्री मिळायची वाट का पाहावी लागावी?

पुढे काय झालं

परतल्यावर दोन्ही शाळांनी दर महिन्याला पाणी मोजायचं ठरवलं. आश्रमशाळेच्या मुलांनी जवळच्या एका झऱ्याची धार बादली आणि घड्याळाने मोजायची, पुण्याच्या मुलांनी आपल्या सोसायटीत येणारे टँकर आणि बोअरची पातळी नोंदवायची. मे महिन्यापर्यंत आश्रमशाळेकडून नोंदी नियमित आल्या. सुटीत मुलं घरी गेल्यावर त्यात खंड पडला, पण तिघांनी आपापल्या वाडीवरचे झरे मोजून त्या भरून काढल्या. पुण्याकडून पहिल्या दोन महिन्यांनंतर तिघांच्याच नोंदी येत राहिल्या. त्यात तो उंच मुलगा आहे.

या नोंदी अजून फार थोड्या आहेत, त्यांवरून झऱ्यांबद्दल काही निष्कर्ष काढता येणार नाही. तीन-चार पावसाळे सलग मोजल्यावर त्यांना अर्थ येईल. त्यासाठी आश्रमशाळेच्या सरांनी ती नोंदवही पुढच्या नववीकडे सोपवायची व्यवस्था केली आहे. ओढ्याबद्दलच्या आखणीतही एक बदल झाला आहे: निघण्याच्या आठवड्यात कुणीतरी जाऊन पाझर प्रत्यक्ष पाहून येईल, आणि तो आटला असेल तर गडावरूनच माणशी तीन लिटर भरून निघायचं.

पुढचा प्रवास उलट दिशेने होणार आहे. आश्रमशाळेची मुलं पुण्याला येतील आणि शहराचं पाणी नळापासून मागे मागे शोधत जातील: टाकी, जलशुद्धीकरण केंद्र, खडकवासला, मग पानशेत, वरसगाव आणि टेमघर, आणि त्या धरणांच्या वरच्या गावांपर्यंत. त्यासाठीची प्रश्नावली झिरा शोधणाऱ्या मुलीनेच तयार करून पाठवली आहे. पहिला प्रश्न आहे: तुमच्या घरात दिवसाला किती हंडे पाणी लागतं?